कोंबडीची कोशिंबीर

टीव्हीवरच्या त्या बाईंच्या स्वयंपाकघरात कधी काही सांडत नसे. दूध उतू जात नसे, कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येत नसे, आणि हातातलं सगळं टाकून "अगं बाई, नळ आला वाटतं" म्हणत कुणी बादली घेऊन धावत नसे. ओट्यावर काचेच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या. बाईंनी हात पुढे केला की हवं ते त्या हाताशी आपणहून यायचं. सुवर्णा हे सगळं देवळात बसावं तशी बसून बघायची. जेलरोडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला हे पाहून भक्तिभाव न वाटला तरच नवल.

त्या दुपारी बाई म्हणाल्या, "आज आपण करणार आहोत भूमध्य समुद्राच्या काठचं चिकन सॅलड. फक्त दहा मिनिटांत!"

भूमध्य समुद्र सुवर्णाला भूगोलात होता. नकाशात तो नीट भरताही यायचा. पण त्याच्या काठी माणसं राहतात, त्यांना भूक लागते आणि ती कोंबडीची कोशिंबीर खातात, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

बाईंनी उकडलेल्या कोंबडीचे पांढरेशुभ्र तुकडे केले. काकडी, टोमॅटो, कांदा. काळी गुळगुळीत ऑलिव्ह नावाची फळं. खारट परदेशी पनीर. लिंबू पिळलं. वरून सोनेरी तेलाची धार अशी सोडली, की सुवर्णाला वाटलं, हे तेल नव्हेच, हे ऊनच आहे. मसाला नाही. फोडणी नाही. तिखटाचा एक कण नाही. तरी त्या बाऊलकडे बघून तोंडाला पाणी सुटत होतं.

"आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट," बाई कॅमेऱ्याकडे बघून गोड हसल्या, "जी बहुतेक सगळ्या जणी विसरतात, ती म्हणजे—"

आणि वीज गेली.

सुवर्णानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ललित रात्रपाळी करून आला होता आणि खुर्चीत पेंगत होता. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. लोडशेडिंग सुरू झालं की सुवर्णा त्याच्याकडे अशा नजरेनं बघायची, की जणू तोच खिशात बटण घेऊन बसलाय.

"मी काय केलं?" तो दचकून म्हणाला.

"तुम्ही काहीच करत नाही, तेच म्हणते मी."

एरवी तिनं मेथीची जुडी पुन्हा उचलली असती आणि भूमध्य समुद्र होता तिथं राहिला असता. पण आतल्या खोलीत आबा होते.

आबा म्हणजे तिचे सासरे, गोटीराम. मखमलाबादच्या मळ्यात जन्मभर काकडी, टोमॅटो आणि झेंडू पिकवून नाशिकच्या बाजारात विकलेला माणूस. सकाळी सायकलला दोन्हीकडे जाळ्या बांधून निघायचा आणि दुपारी जेवायला बसला की काळ्या मसाल्याचा रस्सा ताटात नाही, वाडग्यात घ्यायचा. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी तिखट, तेल आणि मीठ या तिघांनाही एका फटक्यात घराबाहेर काढलं आणि ललितनं आबांना मळ्यातून जेलरोडला आणलं.

तेव्हापासून सुवर्णा त्यांना अळणी देत होती. रविवारी कोंबडी उकडलेलं पाणी, एरवी मऊ भात, दुधी. बाकीच्यांच्या ताटातला वास जाऊन त्यांना मोह नको, म्हणून ती त्यांना सगळ्यांच्या आधी, आतल्या खोलीत, दार ओढून घेऊन वाढायची. तिला वाटायचं, आपण किती काळजी घेतो. आबा पहिल्या आठवड्यात अर्धं खायचे. मग पाव. आता ते ताट येताच भिंतीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे, "पोट भरलंय गं." कशानं भरलंय, ते मात्र सांगायचे नाहीत. सदऱ्यात माणूस कमी आणि सदरा जास्त दिसायला लागला होता.

डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, रविवारपर्यंत बघा, नाहीतर सोमवारी दाखल करू, नाकातून नळीनं घालावं लागेल. आबांनी ते ऐकलं होतं.

"नळी लावायची वेळ आली," ते हळूच म्हणाले होते, "तर मला मळ्यात नेऊन ठेव, सूनबाई. इथं नको."

तर हे असं होतं. बिनतिखटाचं, बिनफोडणीचं आणि तरी तोंडाला पाणी सुटेल असं काही या जगात असू शकतं, हे सुवर्णानं आत्ताच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटची महत्त्वाची गोष्ट तेवढी राहिली होती. पण बाकी सगळं कळलंय म्हटल्यावर एका गोष्टीनं काय अडतंय, असा विचार करून ती कामाला लागली. मोठमोठे घोटाळे याच विचारानं सुरू होतात, हे तिला पुढे कळलं.

पहिला प्रश्न वाराचा. सोमवार शंकराचा. मंगळवारी सप्तशृंगीसाठी ललितचा उपास. बुधवारी नेमकी चतुर्थी. गुरुवार दत्ताचा, शुक्रवारी सुवर्णाचा स्वतःचा, शनिवार मारुतीचा. देवांनी आठवडा आपसात वाटून घेतला होता आणि कोंबडीला एकटा रविवार ठेवला होता. म्हणजे डॉक्टरांनी दिलेला शेवटचाच दिवस.

दुसरा प्रश्न तेलाचा. हे ऑलिव्हचं तेल कुठं मिळतं? किराणावाल्यानं शेंगदाणा, करडई आणि सूर्यफूल दाखवून हात वर केले. शेवटी त्यालाच आठवलं, "वहिनी, ते मेडिकलमध्ये बघा."

तेल औषधाच्या दुकानात? पण ज्या समुद्राकाठी कोंबडी कोशिंबिरीत जाते, तिथलं तेल औषधाच्या दुकानात मिळायला काय हरकत आहे, असं म्हणून सुवर्णा कोपऱ्यावरच्या कुंदनशेठच्या मेडिकलमध्ये गेली. दुकानात गर्दी होती. त्यात तळमजल्यावरच्या कुसाबाई होत्या. कुसाबाई मूळच्या घोटीच्या, भाताच्या व्यापारात मुरलेल्या घरातल्या. तांदूळ हातात घेऊन त्याचं वय सांगायच्या आणि माणूस समोर आला की त्याची आतली बातमी. आत्ता त्या बामच्या बाटलीचं झाकण उघडून वास बघत होत्या.

"ऑलिव्ह ऑइल आहे का?" सुवर्णानं खालच्या आवाजात विचारलं. नवं नाव तोंडात घेताना आवाज आपोआप खाली जातो.

"आहे की, वहिनी!" कुंदनचा आवाज मात्र खाली यायला तयार नव्हता. "किती महिन्यांचं?"

"काय किती महिन्यांचं?"

"बाळ हो! मालिशला ना? की अजून यायचंय?"

कुसाबाईंचा हात झाकणावर थबकला.

आता खरं म्हणजे सुवर्णानं सरळ सांगायला हवं होतं. पण "सासऱ्यांसाठी कोंबडीच्या कोशिंबिरीत घालायचंय" हे वाक्य तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं आणि ते भरल्या दुकानात उच्चारण्यासारखं नाही हे तिला पटलं. म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "घरच्यासाठीच हवंय. आधीच आणून ठेवलेलं बरं."

"वा, वा!" कुंदन म्हणाला आणि त्यानं डबा अगदी अलगद, दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला, डब्याला दुखेल की काय अशा बेतानं.

घरी येऊन तिनं डबा फिरवून फिरवून पाहिला. त्यावर कुठंही बाळाचं चित्र नव्हतं. बारीक अक्षरात उलट स्वयंपाकासाठीच, आणि हृदयाला चांगलं असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे तिकडं समुद्राकाठी लोक हे पोटात घालत होते आणि इकडं आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या पाठीला चोळत होतो! या विचारानं ती इतकी थक्क झाली, की दुकानातली गोष्ट विसरूनच गेली.

दुकान मात्र विसरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेली प्रत्येक बाई तिच्या हातातली पिशवी काढून घेऊ लागली. कुसाबाई कैऱ्या घेऊन आल्या. "घे गं. लय आंबट हायेत. तुला लागंल."

"मला कशाला?"

"नाय नाय, मी काय विचारत नाय," कुसाबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "देवाला सगळं असतंय बघ. तुझा पोरगा पुण्याला कालेजात, आन् आता हे. माझ्या चुलत आत्याला तर नातवाच्या बारशानंतर झालं हुतं."

सुवर्णाला वाटलं, आत्याला मधुमेह वगैरे झाला असावा. तिनं सहानुभूतीनं मान हलवली.

संध्याकाळी ललित घरी आला तो पायातला बूट हळूच काढून. खुर्चीत बसला नाही. स्वतः आत जाऊन पाणी घेतलं, एक पेला तिलाही आणून दिला. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्यानं पाणी आणून दिलं की ती पाणी पीत नाही, आधी बातमी विचारते.

"काय झालं? नोकरी गेली का?"

"छे! तू बस. बस आधी." तो घसा खाकरला. "तुझं... बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, ते... आमच्या पाळीतले सगळे अभिनंदन करतायत. पेढे मागतायत." तो छताकडे बघत म्हणाला, "मी म्हटलं, घरी विचारून सांगतो."

सुवर्णाला समजायला थोडा वेळ लागला. तेलाचा डबा, कुंदन, कैऱ्या, कुसाबाईंची चुलत आत्या, हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"अहो, पण तुम्हाला विचारायची काय गरज होती? तुम्हाला माहीत नको?"

"मला वाटलं, तूच सांगशील योग्य वेळी," ललित म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आदर होता, आणि देव जाणे कसा, थोडा अभिमानही होता. वीजकेंद्रात आज त्याच्याकडे तरुण पोरं वेगळ्याच नजरेनं बघत होती म्हणे.

सुवर्णानं कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं त्याला तेलाचं, टीव्हीचं, सगळं सांगितलं. ललितनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे पेढे नाहीत?"

आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं ओढलेलं होतं. पण त्या दिवशी, दिवाळीनंतर पहिल्यांदाच, आतून हाक आली. "सूनबाई! काय चाललंय काय बाहेर? कुसाबाई खालनं खिडकीकडं ओरडून काय सांगून गेली मला?"

"काही नाही, आबा. झोपा तुम्ही."

"बरं," आबा म्हणाले. पण ते भिंतीकडे नव्हे, दाराकडे तोंड करून पडले होते. सुवर्णानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, हवा बदलली असेल.

रविवार उजाडला. चिकनवाल्यानं सवयीनं विचारलं, "रस्सा का सुकं?"

"नुसतं छातीचं मांस द्या. हाडं नकोत."

सुरी हवेतच थांबली. "हाडं नकोत? मग खायचं काय?"

"उकडायचंय."

"घरात कुणी आजारी आहे का?" त्यानं इतक्या हळुवारपणे विचारलं, की सुवर्णाचे डोळे भरून आले. तिनं मान हलवली. त्यानं एक तुकडा जास्त टाकला.

आता एक घरातली गोष्ट. सुवर्णाच्या सासूबाई, कैलासवासी भागुबाई, यांचा नियम होता की कोंबडी घरात शिजायची नाही. ती मागच्या गॅलरीत, वातीच्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात. पळी वेगळी, सुरी वेगळी. भागुबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा फोटो स्वयंपाकघरात अशा जागी होता, की गॅलरीचं दार थेट त्यांच्या नजरेत. नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. रश्श्याला त्याची अडचण कधी आली नाही, कारण रस्सा गॅलरीत जन्मतो आणि गॅलरीतच पूर्ण होतो. पण या परदेशी पदार्थात कोंबडीला काकडी भेटायला हवी होती. आणि काकडी स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या शेजारी, चिरून तयार. दोघींनी भेटायचं कुठं?

बराच विचार करून सुवर्णानं मोठं भांडं गॅलरीच्या बरोबर उंबरठ्यावर ठेवलं आणि त्याच्यापाशी पाट टाकून बसली. अलीकडे काकडी, टोमॅटो, कांदा. पलीकडे कोंबडी. मध्ये ती. भूमध्य म्हणजे नेमकं काय, हे तिला शाळा सुटल्यावर तीस वर्षांनी समजलं. तिनं फोटोकडे वर पाहिलं. भागुबाईंनी काही हरकत घेतली नाही.

टीव्हीवरच्या बाईंनी सांगितलं होतं, कोंबडी उकडून पाणी काढून टाका. एरवी सुवर्णानं ते पाणी जिवापाड जपलं असतं, कारण रश्श्याचा सगळा जीव त्यात असतो. पण इतके रविवार ते अळणी बघूनच आबांनी तोंड फिरवलं होतं. तिनं डोळे मिटले आणि सगळं पाणी मोरीत ओतलं.

"अगं अगं अगं!" दारात कुसाबाई उभ्या होत्या. हातात काळ्या मसाल्याची वाटी. त्या मोरीकडे अशा बघत होत्या, की त्यांचं जवळचं कुणीतरी वाहून गेलंय. "काय केलंस हे! मी म्हटलं, कोंबडी शिजतीय आन् वास कसा नाय, म्हणून मसाला घेऊन आले. ह्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतंय, खरं हाय ते."

"कुसाबाई, तसं काही नाही हो! हे आबांसाठी—"

पण तेवढ्यात खाली जीप थांबली.

जिन्यावरून आवाज आधी आला आणि माणूस नंतर. सुवर्णाच्या थोरल्या नणंदबाई, निफाडच्या प्रतिभाताई. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, पुंजाराम दाजी, खांद्यावर काळ्या द्राक्षांची पेटी घेऊन. कुसाबाईंची भाची निफाडला दिली होती, हे सुवर्णाला तेव्हा आठवलं.

"भावजय असून तोंडानं सांगितलं नाहीस ना!" प्रतिभाताईंनी आत येता येताच तिला मिठी मारली आणि मिठीतच झापायला सुरुवात केली. "परक्यांकडून कळावं? चाळिशी कधीच मागं टाकलीस, बाई. वजन उचलू नकोस. उठ त्या पाटावरनं! द्राक्षं आणलीत, डोहाळे लागले असतील."

"ताई, अहो ऐका तरी—"

"कोंबडी का?" पुंजाराम दाजींचं लक्ष उंबरठ्याकडे गेलं. त्यांचा सगळा चेहरा उजळला. दाजी उंचीनं आणि रुंदीनं सारखेच होते आणि सासुरवाडीच्या रश्श्यावर त्यांची भारी श्रद्धा होती. "म्हटलंच मी हिला, सकाळी काही खाऊन निघू नको."

सुवर्णानं मग उंबरठ्यावरच उभं राहून सगळ्यांना सगळं सांगितलं. बाळ नाही. तेल खायचं आहे. कोशिंबीर आबांसाठी आहे. आज त्यांनी खाल्लं नाही तर उद्या नळी लावणार आहेत.

प्रतिभाताई खाली बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आबा त्यांचे वडील होते.

मग एकदम सगळ्यांनाच मदत करायची लाट आली, आणि ती टीकेपेक्षा भारी पडली.

"ते काळं फळ कुठाय तुझं?" प्रतिभाताईंनी विचारलं. ऑलिव्ह काही सुवर्णाला मिळाली नव्हती. ताईंनी पेटी उघडली, टपोरी काळी द्राक्षं सोडवली आणि भांड्यात टाकली. दिसायला हुबेहूब. सुवर्णा बघतच राहिली. परदेशी पनीरच्या जागी घरचं पनीर गेलं, वरून लिंबू आणि चमचाभर डब्यातलं तेल. कुसाबाई म्हणाल्या, ती शेवटची महत्त्वाची गोष्ट म्हणजे काळा मसालाच असणार, दुसरं काय असतंय? दाजींचं मत पडलं की ते भाजलेलं सुकं खोबरं. प्रतिभाताई तर न विचारता हिंग-मोहरीची फोडणी करून, चुरचुरती पळी हातात धरून उंबरठ्यापर्यंत आल्या. सुवर्णा दोन्ही हात पसरून भांड्यासमोर उभी राहिली. ती म्हणाली, "ताई, आधी माझ्यावर ओता."

एवढ्यात वीज गेली.

आतल्या खोलीतला पंखा थांबला. फेब्रुवारी असला तरी पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी जीव गुदमरायचा. म्हणून ललितनं आणि दाजींनी आबांना आधार देऊन बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या वाऱ्याला आणून बसवलं. एरवी ही चूक सुवर्णानं कधी होऊ दिली नसती. पण ती भांड्याची राखण करत होती.

"चला, पानं घ्या," दाजी म्हणाले. "आम्हाला रस्सा वाढ, आबांना ते वाढ."

"रस्सा नाही, दाजी."

"मग त्या पाण्याचा करू की पटकन!" प्रतिभाताई उठल्या.

कुसाबाईंनी फक्त मोरीकडे बोट दाखवलं. कुणी मेल्याची बातमी सांगावी तसं त्यांनी ते बोट दाखवलं.

निफाडहून उपाशीपोटी आलेल्या माणसांना, शेजारणीला, नवऱ्याला, सगळ्यांना एकच पदार्थ उरला होता. सुवर्णा लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी झाली. नणंदेच्या नवऱ्याला सासुरवाडीत कच्ची काकडी! हे निफाडात पुढची दहा वर्षं सांगितलं जाणार होतं. तिनं मान वर न करता सगळ्यांच्या ताटात ती कोशिंबीर वाढली. आबांच्या ताटातही.

जमिनीवर पंगत बसली. दाजींनी मोठा घास घेतला. चावला. थांबले. डोळे जरा मोठे झाले. कोंबडीबरोबर द्राक्ष फुटलं असावं. ते पुन्हा चावू लागले, पुस्तकातलं अवघड वाक्य वाचावं तसं, हळू. प्रतिभाताई पाणी प्यायल्या. ललित ताटाकडे बघत होता. कुसाबाईंचा हात दोनदा मसाल्याच्या वाटीकडे गेला आणि दोनदा मागं आला.

आबांनी अजून हात लावला नव्हता. ते एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघत होते.

"कसं लागतंय, जावईबापू?" त्यांनी विचारलं.

"छान आहे, आबा!" दाजींनी घास एका गालात सरकवला. "वेगळंच आहे. हलकं आहे."

"मीठ?"

"मीठ... म्हणजे, आपलं बेतानंच आहे."

"तिखट?"

दाजींनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिखटानं नव्हे.

आणि आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले. मग सदरा हलला. मग सगळा माणूस हलायला लागला. सुवर्णा घाबरून उठली, तिला वाटलं, पुन्हा छातीत काही झालं. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"आता कळलं का?" ते दाजींच्या मांडीवर थाप मारत म्हणाले. "आता कळलं का रे लेको, मी काय गिळतोय तिकडं एकटा, दार लावून? तुम्ही इकडं भुरके मारायचे, मला भिंतीपल्याड ऐकू यायचं! आज सगळे एका चवीला आले. खावा! सोडायचं नाय पानात!"

आणि त्यांनी पहिला घास घेतला.

खोलीत कुणी हललं नाही. आबा चावत होते. त्यांचा जबडा सावकाश, पण न थांबता हलत होता, मळ्यातल्या मोटेसारखा. दुसरा घास. त्यात द्राक्ष आलं, तेव्हा भुवया वर गेल्या. "हे काय गं? गोड लागतंय!" तिसरा. सुवर्णा हातात वाढायचा चमचा घेऊन तशीच उभी होती. तिनं आयुष्यात कुंभमेळा पाहिला होता, गंगापूर धरण भरून वाहताना पाहिलं होतं. पण एका म्हाताऱ्या माणसाचं जेवण असं श्वास धरून तिनं कधी पाहिलं नव्हतं. टीव्हीवरच्या बाईंची सोनेरी धार आता तिला काहीच वाटली नाही.

"वाढ," आबा ताट पुढे करत म्हणाले. "आन् जावयालाबी वाढ. लाजतोय तो."

दाजींनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जन्मभराचा अपमान त्यात होता. मग त्यांनी आबांकडे पाहिलं. मग निमूट ताट पुढे केलं. सुवर्णानं त्या क्षणी दाजींना मागचं पुढचं सगळं माफ केलं.

जेवण झाल्यावर आबांनी हात धुतले आणि हळूच विचारलं, "मग ते कुसाबाई म्हणत होती ते? बाळाचं?"

"नाही हो, आबा. ते तेल यात घालायला आणलं होतं."

"नाय?" आबांचा चेहरा पडला. "मी म्हटलं, नातवंड येतंय, तर दम धरावा जरा. उगंच दोन वेळा वाढून घेतलं मग."

सगळे हसले. ललित सगळ्यात शेवटी हसला.

सोमवारी डॉक्टरांनी नाडी बघितली, वजन बघितलं आणि नळीचं नावही काढलं नाही. त्या दिवसापासून आबांचं ताट बाहेर आलं. आतल्या खोलीचं दार ओढायचं बंद झालं. सगळेच थोडं अळणी खायला लागले, आणि ललित महिन्यातून एकदा 'पाळीत जास्तीचं काम आहे' असं सांगून कुठंतरी रस्सा ओरपून यायचा, हे सुवर्णाला माहीत होतं आणि तिनं ते कधी काढलं नाही. कुंदन मात्र अजून भेटला की विचारतो, "बाळ कसं आहे?" ती म्हणते, "जेवतंय."

मार्च संपता संपता तो कार्यक्रम पुन्हा लागला. सुवर्णानं जिन्यात नुसतं म्हटलं आणि कुसाबाई पाटासकट वर आल्या. आबा खुर्चीत पुढे सरकून बसले. बाईंनी कोंबडी चिरली, काकडी चिरली, सोनेरी धार सोडली.

"आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक सगळ्या जणी विसरतात, ती म्हणजे—"

सगळ्यांनी एकदम दिव्याकडे पाहिलं. दिवा चालू होता.

"—हे प्रमाण फक्त एकाच व्यक्तीसाठी आहे. एकट्यानं निवांत बसून खाण्यासाठी अगदी योग्य!"

कुसाबाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना अजूनही काळ्या मसाल्याची आशा होती. आबांनी मात्र टीव्हीकडे पाहिलं, समोरच्या माणसाची कीव यावी तसं.

"एकट्यानं?" ते म्हणाले. "हॅट्! चुकलंय तिचं. सूनबाई, निफाडला फोन लाव. जावयाला म्हणावं, रविवारी या."